गाव काल्पनिक, चुना खरा

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आमची मुलगी घरी आली ती एक बातमी घेऊनच. ती आर्किटेक्चरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाला आहे. जेवणे उरकल्यावर डिशवॉशरमध्ये भांडी लावता लावता तिने सांगितले, "बाबा, डिग्री मी पूर्ण करणार आहे. पण आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करायची नाही असं ठरवलंय. मला ऐतिहासिक कादंबरी लिहायची आहे."

आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा प्रसंग घडला असेल. दोन सुटकेसेस घेऊन या देशात आलेल्या बापाच्या डोक्यात अशा वेळी सगळ्यात आधी आकडे येतात. फीचे, कर्जाचे, हेल्थ इन्शुरन्सचे. मी बोलून गेलो, "गोष्टी लिहायच्या होत्या तर पाच वर्षांची फी कशाला भरायची?" वाक्य तोंडातून सुटले आणि ते चुकल्याचे लगेच कळले; पण सुटलेले वाक्य परत घेता येत नाही. त्यातून माझी डॉक्टरेट यांत्रिक अभियांत्रिकीतली, उष्णतेच्या वहनावरची, आणि पोटापाण्याचा व्यवसाय मात्र विमा कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचा. मुलीने सभ्यपणाने याचा उल्लेख केला नाही. तो माझ्या बायकोने केला.

मुलीने वाद घातला नाही. ती वरच्या मजल्यावर गेली आणि एक जुने, कोपरे झिजलेले मोठे पुस्तक आणून तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवले. ती सात वर्षांची असताना गावच्या लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत मीच ते पन्नास सेंटला घेतले होते. नाव 'कॅथीड्रल', लेखक आणि चित्रकार डेव्हिड मॅकॉले. "हासुद्धा आर्किटेक्टच आहे, बाबा," एवढेच ती म्हणाली आणि झोपायला गेली.

तिला ते पुस्तक मी अनेकदा वाचून दाखवले होते. स्वतःसाठी मात्र त्या रात्री पहिल्यांदा वाचले. नंतर त्या लेखकाची बाकीची पुस्तकेही लायब्ररीतून आणली. त्यातून जे उमगले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक खुलासा. १८३५ साली हिंदुस्थानच्या शिक्षणाचे टिपण लिहिणारा मेकॉले वेगळा. त्याचा इथे काही संबंध नाही. आपला मॅकॉले १९४६ साली इंग्लंडमध्ये बर्टन-अपॉन-ट्रेंट इथे जन्मला. त्याचे बालपण लँकेशायरमधल्या बोल्टन या कापडगिरण्यांच्या गावात गेले. वडील कापडगिरण्यांच्या यंत्रसामग्रीच्या धंद्यात होते. अमेरिकेत काम मिळाल्यावर ते पुढे आले, आणि १९५७ साली आई व मुले बोटीने मागून आली. डेव्हिड तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. वडील आधी, कुटुंब मागून, हा क्रम आपल्याला काही नवा नाही. त्यांनी बिऱ्हाड केले ते न्यू जर्सीतल्या ब्लूमफील्डला. गार्डन स्टेट पार्कवे या गावातूनच जातो. ट्रॅफिकला शिव्या देत मी तिथून शेकडो वेळा गेलो आहे.

पुढे त्याने ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमधून आर्किटेक्चरची पदवी घेतली, १९६९ साली. शेवटचे वर्ष त्याने रोममध्ये शिकून काढले. पण आर्किटेक्टचा व्यवसाय त्याने केला नाही. शाळेत चित्रकला शिकवली, इंटिरियर डिझाइनच्या ऑफिसात काम केले, आणि सोबत मुलांसाठी चित्रांची पुस्तके काढण्याचा प्रयत्न चालू ठेवला. एका पुस्तकाची कल्पना घेऊन तो बॉस्टनच्या हॉटन मिफ्लिन या प्रकाशनसंस्थेत वॉल्टर लॉरेन या संपादकाकडे गेला. कल्पना अशी की, जुन्या चर्चच्या छपरांवर पन्हळींच्या तोंडाशी जी विद्रूप दगडी भुते बसवलेली असतात, त्यांची सौंदर्यस्पर्धा! लॉरेनना भुतांत फारसा रस वाटला नाही. त्यांची नजर गेली ती भुतांच्या मागे काढलेल्या कॅथीड्रलच्या चित्रावर. हे बांधतात कसे, ते सांगा, असा तो रोख होता. त्यातून १९७३ साली 'कॅथीड्रल' जन्माला आले.

गोष्ट थोडक्यात अशी. फ्रान्समध्ये शुत्रो नावाचे एक गाव आहे. १२५२ सालचा सुमार. गाव खाऊनपिऊन सुखी आहे. आजूबाजूच्या गावांत मोठमोठी कॅथीड्रल उभी राहत आहेत, तेव्हा आपलेही झाले पाहिजे आणि ते सगळ्यांत लांब, रुंद, उंच आणि देखणे झाले पाहिजे, असे गावकरी ठरवतात. काम पूर्ण होते १३३८ साली. म्हणजे छ्याऐंशी वर्षांनी. ज्यांनी पाया खणला त्यांच्या नातवंडांनी आणि पतवंडांनी ते पुरे झालेले पाहिले.

आता गंमत अशी की शुत्रो नावाचे गाव नकाशावर कुठेच नाही. गाव काल्पनिक, स्थपती काल्पनिक, गवंडी काल्पनिक. पण दगड, लाकूड, चुना, शिसे, काच आणि वेळ हे सगळे खरे आहे.

मला खिळवून ठेवले ते त्या छ्याऐंशी वर्षांच्या हिशोबाने. लहानपणी मुलीला वाचून दाखवताना मी ते आकडे नुसते वाचून पुढे जात असे. इंजिनिअर म्हणून वाचताना विचारले, इतका वेळ का? उत्तर पुस्तकभर पसरलेले आहे आणि त्याची तीन मोठी कारणे आहेत.

पहिले कारण चुना. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, तिच्यात वाळू मिसळायची, की दगड जोडायचा चुना तयार. सिमेंट पाण्याशी संयोग होऊन काही तासांत घट्ट होते. चुन्याचे तसे नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा दगड बनतो. जाड भिंतीच्या पोटात हवा पोचायलाच वेळ लागतो, त्यामुळे आतला चुना कित्येक महिने, कधी कधी कित्येक वर्षे कच्चा राहतो. त्याच्यावर घाईने भार चढवला तर भिंत झुकलीच म्हणून समजा. छपराखालच्या दगडी कमानींची तीच तऱ्हा. सुतारांनी कमानीच्या आकाराचा लाकडी साचा करायचा, म्हणजे आपले गवंडी ज्याला सेंट्रिंग म्हणतात तेच. त्यावर दगड रचायचे, मधला किल्लीचा दगड बसवायचा, आणि चुना धरेपर्यंत थांबायचे. मग साचा उतरवून पुढच्या कमानीखाली न्यायचा. मोठे लाकूड महाग, त्यामुळे साचे मोजकेच. काम पुढे सरकणार ते साच्याच्या चालीने.

दुसरे कारण हिवाळा. ओल्या चुन्यातले पाणी गोठले की फुगते आणि सांधा फुटतो. म्हणून थंडी पडली की अर्ध्यावर आलेल्या भिंती पेंढा आणि शेण घालून झाकायच्या आणि बहुतेक गवंड्यांनी घरी जायचे. छपराखाली बसून दगड घडवण्याचे काम तेवढे चालू.

तिसरे कारण अर्थातच पैसा. गंगाजळी आटली की काम थांबायचे. मग संतांचे अवशेष लोकांच्या दर्शनाला ठेवून वर्गणी गोळा करायची. मंडळाच्या गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केलेल्या माणसाला यापेक्षा अधिक सांगायला नको.

अजून एक तपशील माझ्या फार मनात भरला. खाणीतून आलेल्या प्रत्येक दगडावर तीन खुणा असत. एक खाणवाल्याचा हिशोब चुकता करण्यासाठी. दुसरी ज्या पाथरवटाने तो घडवला त्याला मजुरी देण्यासाठी. तिसरी तो दगड इमारतीत नेमका कुठे बसणार ते कळण्यासाठी. हजारो सुटे भाग, प्रत्येकाचा उगम, कर्ता आणि जागा नोंदलेली! माझ्या ऑफिसात हेच काम करायला आम्ही तीन वेगवेगळ्या प्रणाली वापरतो आणि तरीही दर महिन्याला काहीतरी हरवतेच.

हे सगळे सांगायला आर्किटेक्टच का लागतो? माझ्या मते कारण एकच. इमारतीच्या शाळेत विद्यार्थ्याला सतत एक प्रश्न विचारला जातो: आधी काय आणि मग काय? कशाच्या आधारावर काय उभे आहे? इतिहासाच्या पुस्तकात कॅथीड्रल तयार होऊनच येते. मॅकॉले ते आपल्यासमोर उभे करतो. तो इमारत आडवी कापून तिचा प्लॅन दाखवतो, उभी कापून छेद दाखवतो. कधी वाचकाला पक्ष्यासारखा आकाशात नेतो, तर कधी परांचीच्या फळीवर गवंड्याशेजारी बसवतो आणि तिथून खाली पाहायला लावतो. शाईच्या बारीक रेघांनी काढलेल्या त्या चित्रांत आभाळाएवढी भिंत असते आणि तिच्यावर मुंगीएवढी माणसे. इतकी प्रचंड गोष्ट इतक्या लहान माणसांनी केली हे शब्दांत सांगावे लागत नाही. पाच वर्षांची फी वाया गेली नव्हती, ती पानापानावर दिसते.

मग खऱ्याच एखाद्या कॅथीड्रलची हकिगत का सांगितली नाही? हाही प्रश्न मला पडला. खऱ्या इमारतींचे कागद अर्धवट असतात. काही भाग जळलेला, काही पुन्हा बांधलेला, काही कोसळलेला. बोव्हेच्या कॅथीड्रलची छत ४८ मीटर उंच नेली आणि १२८४ साली तिचा काही भाग खाली आला. कुठल्याही एकाच इमारतीत सगळे टप्पे नीट दिसत नाहीत. काल्पनिक गाव घेतले की अनेक ठिकाणचे खरे ज्ञान एका जागी क्रमवार मांडता येते. कल्पनेचा उपयोग इथे पळवाट म्हणून होत नाही. तीही एक सेंट्रिंगच आहे. तिच्यावर खरे दगड रचायचे असतात.

पुढच्या पुस्तकांतही त्याने हीच रीत ठेवली. 'सिटी' (१९७४) मध्ये इ. स. पूर्व २६ मध्ये वसवलेले व्हर्बोनिया हे काल्पनिक रोमन नगर आहे. 'कासल' (१९७७) मध्ये १२८३ साली इंग्लंडचा पहिला एडवर्ड वेल्स जिंकत असताना बांधलेला काल्पनिक किल्ला आहे. खरा एडवर्ड त्या वर्षी कॉन्वी, हार्लेक आणि कार्नार्वन इथे किल्ले बांधतच होता. किल्ल्याला लागून तटबंदीचे गाव, आणि त्यात आणून वसवलेले इंग्रज! किल्ला ही नुसती दगडांची रास नसून परक्या मुलखावर राज्य करण्याचे यंत्र असते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

'मिल' (१९८३) ही ऱ्होड आयलंडमधल्या काल्पनिक सूतगिरण्यांची कथा. तिच्या मागे एका खऱ्या स्थलांतरिताची सावली आहे. सॅम्युएल स्लेटर १७८९ साली इंग्लंडमधून इकडे आला तो गिरणीच्या यंत्रांचे ज्ञान डोक्यात साठवून, कारण कागद बाहेर नेणे बेकायदा होते. पॉटकेट इथली त्याची १७९३ सालची गिरणी अजून उभी आहे. आणि 'मॉस्क' (२००३) मध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरच्या इस्तंबूलमधली काल्पनिक मशीद आहे, सोबत तिच्या आवारातले विद्यालय, अन्नछत्र आणि हमाम. ११ सप्टेंबर २००१ नंतर तयार झालेले हे पुस्तक. त्या दिवसांत ज्या इमारतीकडे लोक संशयाने बघत होते, तिचा घुमट कशाच्या आधारावर उभा राहतो ते त्याने शांतपणे समजावून सांगितले.

चुकांबद्दलही तो मोकळा आहे. २०१० साली 'बिल्ट टू लास्ट' या पुस्तकात त्याने कॅथीड्रल, किल्ला आणि मशीद एकत्र आणली, जुन्या पुस्तकांत दुरुस्त्या केल्या आणि रंगीत चित्रे नव्याने काढली. सदतीस वर्षांनंतर आपल्या पहिल्या कामातले बग सुधारणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही! त्याआधी १९७९ साली त्याने 'मोटेल ऑफ द मिस्टरीज' लिहून इतिहासकारांची, आणि ओघाने स्वतःचीही, फिरकी घेतली होती. इसवी सन ४०२२ मध्ये एका हौशी संशोधकाला जमिनीखाली गाडलेली अमेरिकन मोटेलची खोली सापडते. तो तिला राजाची समाधी समजतो, दारावरची 'डू नॉट डिस्टर्ब' ही पाटी पवित्र मुद्रा ठरवतो आणि संडासाच्या सीटला पूजेचा अलंकार! पुरावा हातात असूनही माणूस किती चुकू शकतो याची ही मासलेवाईक गोष्ट.

त्याच्या लेखनात उणिवा नाहीत असे नाही. त्याची माणसे काम करतात, पण त्यांना फारसे मन नसते. सुताराची बायको काय म्हणाली, परांचीवरून पडलेल्या मजुराच्या घरी काय झाले, हे कळत नाही. कादंबरी म्हणून कोणी वाचायला घेईल तर तो उपाशी राहील. पण ही उणीवच माझ्या मुलीला दार उघडून देणारी ठरली असावी.

कारण तिला लिहायचे आहे ते शनिवारवाड्यावर. ती बारा वर्षांची असताना आम्ही तिला तिथे नेले होते. मी उत्साहाने बाजीराव, मस्तानी, नारायणरावांचा खून, सगळे सांगितले. रणजित देसाई आणि ना. सं. इनामदार वाचून वाढलेल्या माझ्या पिढीला हे पाठच असते. तिने सगळे ऐकून घेतले आणि जोत्याच्या दगडांवर हात ठेवून विचारले, "पण हे बांधलं कोणी?" मी म्हटले, "बाजीरावांनी." ती म्हणाली, "म्हणजे, स्वतःच्या हातांनी?" मी हसण्यावारी नेले. तिने नेले नव्हते.

आता तिने जमवलेली माहिती अशी. वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये. सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून, चुना जेजुरीहून. तिचा मला प्रश्न होता, शुत्रोला छ्याऐंशी वर्षे लागली तर इथे दोनच वर्षे कशी? मला सुचलेले एक कारण असे की, वाड्याचा भार दगडी कमानींवर नसून सागवानी खांब आणि तुळयांच्या सांगाड्यावर असतो. म्हणून तर आपल्याकडे वाडा खणांवर मोजतात. लाकडी सांगाड्याला चुना वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. पण त्याच सागवानाने घातही केला. १८२८ च्या आगीत वरचे सगळे गेले आणि दगडी जोती तेवढी उरली. वाड्याचे वैभव आणि त्याचा शेवट एकाच लाकडात होता.

चुन्याच्या प्रश्नाला मात्र मी पुरा पडेना. म्हणून साताऱ्याला फोन लावला. माझे वडील, अण्णा, बांधकाम खात्यातून ओव्हरसीअर म्हणून निवृत्त झाले, त्याला आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. आमचे फोन एरवी तब्येत आणि हवामान यांपलीकडे जात नाहीत. मी विचारले, "अण्णा, तुम्ही चुन्याची घाणी पाहिली आहे का हो?" पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "पाहिली आहे का? अरे, उमेदवारीच्या काळात उन्हातान्हात तिच्याशेजारी उभा राहून काढलीत दोन वर्षं."

आणि मग ते पाऊण तास बोलले. जमिनीत गोल चर, त्यात फिरणारे दगडी चाक, ते ओढणारा बैल, भाजलेल्या विटांची पूड म्हणजे सुरखी किती घालायची, चुना पुरेसा दळला गेला हे बोटांत घेऊन कसे ओळखायचे, बांधकामावर पाणी किती दिवस मारायचे. जुन्या पुलाच्या डागडुजीच्या वेळी एका म्हाताऱ्या गवंड्याने त्यांना हे शिकवले होते. या गोष्टी त्यांनी मला कधी सांगितल्या नव्हत्या, कारण मी कधी विचारल्याच नव्हत्या. मी इंजिनिअर झालो याचा त्यांना अभिमान होता. पण त्यांचे काम काय होते, ते इंजिनिअर झाल्यावरही मी विचारले नाही.

आता दर रविवारी सकाळी आजोबा-नातीचा फोन असतो. ती त्यांचे बोलणे रेकॉर्ड करते. तिला 'ओळंबा' आणि 'गुण्या' हे शब्द आता माझ्यापेक्षा सहज येतात. अण्णा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्याबरोबर काम केलेल्यांपैकी आता फार कोणी उरलेले नाही.

हे ज्ञान नुसते हौसेचे आहे असेही नाही. फ्रान्समध्ये गेदलों इथे १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने एक किल्ला बांधला जात आहे. त्याचाही धनी १२२८ सालातला एक काल्पनिक सरदार! पुढे १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दामचे लाकडी छप्पर जळाले. ते पुन्हा कुऱ्हाडीने तासून उभे करायची वेळ आली, तेव्हा गेदलोंत तयार झालेले सुतार उपयोगी पडले. डिसेंबर २०२४ मध्ये नोत्र दाम पुन्हा उघडले. तिकडे कोणीतरी वेळीच विचारून ठेवले होते.

मॅकॉलेच्या २०१९ सालच्या 'क्रॉसिंग ऑन टाइम' या पुस्तकात तो अखेर स्वतःच्या गोष्टीकडे वळला. ज्या 'युनायटेड स्टेट्स' बोटीने तो १९५७ साली इकडे आला, तिची ही हकिगत. बोटीचा रचनाकार विल्यम फ्रान्सिस गिब्ज याने वडिलांच्या आग्रहाखातर वकिलीची पदवी घेतली होती. जहाजे तो स्वतःच शिकला. १९५२ साली त्याच्या बोटीने साडेतीन दिवसांच्या आत अटलांटिक ओलांडून विक्रम केला. हे पान मुलीने मला मुद्दाम वाचायला लावले असा मला संशय आहे.

तिची कादंबरी पूर्ण होईल की नाही, ठाऊक नाही. फी भरणे चालू आहे आणि काळजीही चालू आहे. पण थँक्सगिव्हिंगचे ते वाक्य मी मागे घेतले आहे, तेही तिच्या आईसमोर.

शेवटी वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या घरी जुन्या वाड्याच्या बांधकामाचे जमाखर्च, कागद, फोटो असतील, किंवा घाणी, भट्टी, सागवानाची वाहतूक प्रत्यक्ष पाहिलेले कोणी वडीलधारे असतील, तर मंडळाच्या पत्त्यावर जरूर कळवा. आणि आम्हाला कळवायचे नसेल तरी हरकत नाही. पण त्यांना फोन मात्र करा, आणि तब्येतीची चौकशी झाली की त्यांच्या कामाचे विचारा.